गॅलेनच्या शिरेचा फुगवटा : लहान मुलांच्या मेंदूतील एका दुर्मीळ विकाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मल्यानंतर काही तासांतच बाळाला धाप लागते. टूडी इकोमध्ये हृदयाला भोक नाही, झडपा ठीक आहेत, आणि तरीही हृदय थकलेले दिसते. अशा वेळी एखादा अनुभवी बालरोगतज्ज्ञ बाळाच्या टाळूवर स्टेथोस्कोप ठेवतो आणि नळाला जोरात पाणी आल्यावर पाइपातून यावा तसा, प्रत्येक ठोक्याबरोबर चढणारा-उतरणारा आवाज त्याला ऐकू येतो. हृदय थकले आहे, पण दुखणे मेंदूत आहे, हे तिथे कळते. या विकाराविषयी मराठीत लिहिलेले फार थोडे सापडते आणि निदान ऐकून सुन्न झालेल्या आईवडिलांना इंटरनेटवर जे मिळते, त्याने बहुधा भीतीच वाढते. म्हणून त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

गॅलेनची शीर म्हणजे कोणती, आणि ती फुगते म्हणजे काय होते?

मेंदूच्या खोल भागातील अशुद्ध रक्त गोळा करून मागच्या बाजूला नेणारी एक आखूड, जाड शीर मेंदूच्या मध्यरेषेवर असते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने ती ओळखली जाते. धमन्यांतून शुद्ध रक्त जोराने येते, ते केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जाताना त्याचा जोर ओसरतो आणि मग ते संथपणे शिरेत उतरते, अशी शरीराची रचना असते. या विकारात मधले जाळेच नसते. धमन्या थेट शिरेत उघडतात आणि धमनीतला सगळा दाब शिरेच्या पातळ भिंतीवर येतो. ती भिंत ताणत जाते आणि शिरेचा फुगा होतो.

यात एक बारकावा आहे. जी वाहिनी फुगलेली दिसते, ती बहुतेक बाळांत पक्की तयार झालेली गॅलेनची शीर नसते. गर्भाच्या मेंदूत काही आठवड्यांपुरती असणारी आणि पुढे विरून जाणारी एक तात्पुरती शीर असते. तिच्यात धमन्या उघडल्यामुळे ती विरत नाही, मागे राहते आणि फुगते. हे १९८९ साली स्पष्ट झाले. घटना घडते ती गर्भधारणेच्या साधारण सहाव्या ते अकराव्या आठवड्यादरम्यान, म्हणजे कित्येकदा आईला दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते तेव्हा.

डॉक्टर ‘अॅन्युरिझम’ म्हणाले. मोठ्या माणसांचा फुटतो तसा हा फुटेल का?

शब्द एकच असला तरी दुखणे वेगळे आहे. प्रौढांमध्ये मेंदूच्या धमनीवर जो फुगा येतो, त्याची मुख्य भीती तो अचानक फुटण्याची असते. नवजात बाळाच्या या विकारात फुटण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका हृदय थकण्याचा आणि मेंदूला पुरेसे रक्त न मिळण्याचा असतो. रक्तस्राव होऊ शकतो, पण तो अधिककरून उपचार न झालेल्या, वयाने मोठ्या मुलांत दिसतो. म्हणून ‘बाळाच्या डोक्यात बॉम्ब आहे’ अशा समजुतीने त्याला उचलून घ्यायलाही घाबरणाऱ्या आईला हे सांगणे आवश्यक आहे की जवळ घेतल्याने, दूध पाजल्याने किंवा बाळ रडल्याने ही शीर फुटत नाही.

हा आजार किती दुर्मीळ आहे? आमच्याकडून काही चूक झाली का?

साधारण २५,००० जन्मांत एक किंवा त्याहूनही कमी, असा अंदाज दिला जातो. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी आयुष्यभर प्रॅक्टिस केलेल्या बालरोगतज्ज्ञाने असे एकही बाळ पाहिलेले नसणे अगदी शक्य आहे, आणि त्यात त्यांचा कमीपणा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. ग्रहणात बाहेर पडल्याने, पपई खाल्ल्याने, जड उचलल्याने, प्रवास केल्याने किंवा लोहाची गोळी चुकल्याने हे होत नाही. घरातल्या कुणी सुनेला बोल लावत असेल, तर कुटुंबातील जाणत्या माणसाने त्याला तिथेच थांबवावे, कारण पुढचे कित्येक महिने या बाळाला सावरलेली, झोप मिळालेली आई हवी आहे.

दुखणे डोक्यात असताना हृदय का थकते?

पाण्याच्या पाइपलाइनला मध्येच मोठे भगदाड पडले, तर पंप कितीही चालवला तरी वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. तसेच येथे होते. मेंदूतील या थेट जोडणीला अडथळा जवळजवळ नसतो, त्यामुळे रक्त तिकडेच धावते. विकार तीव्र असेल तर हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी ८० टक्क्यांपर्यंत रक्त एकट्या डोक्याकडे जाऊ शकते, आणि तेही मेंदूच्या पेशींना न पोसता थेट शिरेतून हृदयाकडे परत येते.

आईच्या पोटात असताना हे बाळ बऱ्याचदा ठीक असते, कारण वारेचा मार्गही कमी अडथळ्याचा असतो आणि तो बरेचसे रक्त आपल्याकडे ओढून घेतो. नाळ कापली की वार बाजूला होते आणि सगळा ओघ डोक्याकडे वळतो. म्हणूनच जन्मतः गुलाबी दिसलेले, जोरात रडलेले बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम ढासळते. हृदयाची उजवी बाजू परतणाऱ्या रक्ताने तुंबते, फुप्फुसांतील दाब चढलेलाच राहतो, आणि खालच्या शरीराला, विशेषतः मूत्रपिंडे, यकृत व आतड्यांना, रक्त अपुरे पडते. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात रक्तदाब इतका उतरतो की हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही पुरेसे रक्त मिळत नाही. पंप सशक्त असतो, पण त्याच्यावर लादलेले काम त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

नवजात बाळात कोणती लक्षणे दिसतात?

श्वास जलद चालणे, दूध ओढताना मध्येच थांबून घामाघूम होणे, हातपाय गार पडणे, ओठांभोवती निळसरपणा, यकृत वाढल्याने पोट टणक लागणे, लघवी कमी होणे ही हृदय थकल्याची लक्षणे आहेत आणि ती जंतुसंसर्गातही दिसतात. त्यामुळे सुरुवातीला प्रतिजैविके सुरू होतात, आणि ती सुरू करणे योग्यच असते. शंका यावी ती पुढील गोष्टी एकत्र दिसल्यावर : इकोत हृदयाची रचना नीट आहे पण उजवी बाजू फुगलेली आहे, डोक्याकडून येणारी मोठी शीर रुंद झाली आहे, मानेतील नाडी उड्या मारते आहे आणि जांघेतील नाडी मात्र क्षीण लागते आहे. इको करणाऱ्या तज्ज्ञाने हे लिहून दिले की पुढची पायरी डोक्याची सोनोग्राफी ही असली पाहिजे. टाळू उघडी असल्याने ती बाळाच्या पेटीपाशीच, काही मिनिटांत होते.

आमचे बाळ सात महिन्यांचे आहे. त्याला धाप कधीच लागली नाही. मग आता हे निदान कसे?

ज्या बाळांत थेट जोडण्या कमी किंवा लहान असतात, त्यांचे हृदय ओझे पेलून नेते. त्यांच्यात विकार डोक्याच्या वाढीतून समोर येतो. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो, पहिल्या तीन महिन्यांत तो दरमहा सुमारे २ सेंटिमीटर, पुढच्या तीन महिन्यांत दरमहा १ सेंटिमीटर आणि त्यानंतर सहा महिने दरमहा अर्धा सेंटिमीटर या गतीने वाढतो. न ताणणारी टेप भुवयांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी, तीन वेळा मोजावे आणि सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहावा. लसीकरणाला नेल्यावर वजन तर होतेच, त्याबरोबर डोक्याचा घेरही मोजून घ्यावा असा आग्रह पालकांनी धरावा. एका मोजमापाला फारसा अर्थ नसतो, चार महिन्यांची चार मोजमापे मात्र पुष्कळ काही सांगून जातात.

याशिवाय कपाळावर, पापण्यांवर व कानशिलांवर निळ्या शिरा उठून दिसणे, टाळू ताणलेली राहणे, नजर खाली झुकल्यासारखी दिसणे, मान धरायला किंवा बसायला उशीर होणे, आकडी येणे ही लक्षणे असू शकतात. शाळकरी वयात डोकेदुखी किंवा क्वचित रक्तस्राव हे पहिले लक्षण ठरते.

गरोदरपणातील सोनोग्राफीत हे दिसत नाही का?

दिसते, पण बहुधा उशिरा. पाचव्या महिन्यात होणारी व्यंगतपासणीची सोनोग्राफी अनेकदा पूर्ण स्वच्छ असते, कारण शीर फुगायला वेळ लागतो. शेवटच्या तिमाहीत मेंदूच्या मध्यभागी एक काळी, पाण्याच्या गाठीसारखी जागा दिसते. तिच्यावर रंगीत डॉपलर लावला की ती रंगांनी भरून जाते आणि ही गाठ नसून वाहते रक्त आहे हे समजते. डॉपलर लावलाच नाही, तर ‘साधी गाठ, नंतर बघू’ असा अहवाल येऊ शकतो. म्हणून गर्भाच्या मेंदूच्या मध्यरेषेवर कोणतीही गाठ दिसली, तर डॉपलर केला आहे का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

निदान पक्के झाल्यावर गर्भाचे हृदय आणि गर्भाचा मेंदू यांची स्वतंत्र तपासणी होते, आवश्यक वाटल्यास गर्भाचा एमआरआय करतात. गर्भातच हृदय थकले असेल किंवा मेंदूचा भाग झिजलेला दिसत असेल, तर पुढची वाट अवघड असते आणि ते डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगायला हवे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २४ आठवड्यांपुढील गंभीर व्यंगांसाठी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाची तरतूद आहे. ती वाट निवडायची की नाही, हे कुटुंबाने पूर्ण माहितीनिशी आणि कुणाच्याही दडपणाशिवाय ठरवावे. गर्भाचे हृदय आणि मेंदू दोन्ही चांगले असतील, तर घाबरून वेळेआधी प्रसूती करून घेण्याचा मोह टाळावा, कारण अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळावर उपचार करणे दुप्पट कठीण जाते. प्रसूती मात्र नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या आणि न्यूरोइंटरव्हेन्शनच्या, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी नेऊन मेंदूतील वाहिन्यांवर उपचार करणाऱ्या, पथकाशी आधीच बोलणे झालेल्या रुग्णालयातच व्हावी.

निदानासाठी नेमक्या कोणत्या तपासण्या लागतात, आणि अँजिओग्राफी लगेच करावी का?

टाळूवरून केलेली सोनोग्राफी निदान सुचवते, टूडी इको हृदयावरचा ताण मोजतो आणि एमआरआय मेंदूची खरी स्थिती दाखवतो. या तिन्हींत निर्णायक तपासणी एमआरआय आहे, कारण उपचार करायचा की नाही हा प्रश्न शिरेच्या आकारावर ठरत नाही, मेंदू किती शाबूत आहे यावर ठरतो. फुगा मोठा असूनही मेंदू सुरक्षित असलेली बाळे असतात, तशीच छोट्या फुग्याबरोबर मेंदूचे मोठे नुकसान झालेलीही असतात. सोबत रक्तात यकृत व मूत्रपिंडांचे काम तपासतात.

नळी घालून केलेली अँजिओग्राफी केवळ निदानासाठी करू नये. लहान बाळाची धमनी एखाद्या काडीएवढी बारीक असते, ती प्रत्येक वेळी वापरल्याने खराब होण्याची शक्यता वाढते आणि त्यात दिल्या जाणाऱ्या औषधाची मात्रा वजनाने बांधलेली असते. ती धमनी आणि ती मात्रा दोन्ही उपचारासाठी राखून ठेवावी लागतात. म्हणून अँजिओग्राफी आणि उपचार एकाच बैठकीत करतात.

उपचार लगेच करायचा की थांबायचे?

या विकारातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. घाई केली तर इवल्या वाहिन्यांत काम करताना इजा होण्याचा धोका, आणि उशीर केला तर मेंदूची वाढ खुंटण्याचा. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील डॉ. पिएर लाझोनिया यांनी या आजाराच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले आणि नवजात बाळांसाठी २१ गुणांची एक पद्धत घालून दिली. हृदय, मेंदू आणि श्वसन यांना प्रत्येकी ५ गुण, यकृत व मूत्रपिंडे यांना प्रत्येकी ३. बाळाला १२ पेक्षा जास्त गुण असतील तर औषधांवर सांभाळून साधारण पाच महिन्यांपर्यंत थांबतात. ८ ते १२ गुण असतील तर तातडीने उपचार करतात. ८ पेक्षा कमी गुण असतील तर शरीराची इतकी हानी झालेली असते की उपचार करू नये, असे त्या पद्धतीचे म्हणणे आहे.

पाच महिनेच का? तोवर बाळाचे वजन जन्माच्या दुपटीच्या आसपास पोहोचते, धमन्या रुंदावतात, भूल सोसते, आणि तरीही मेंदूच्या वाढीची खिडकी उघडी असते. मात्र हे गुण दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. आज अनेक केंद्रे एमआरआय पाहून आणि रोजच्या रोज बदलणारी प्रकृती पाहून ठरवतात. कमी गुणांच्या पण शाबूत मेंदूच्या बाळांवर उपचार करून ती वाचल्याचीही उदाहरणे आहेत. थांबायचे ठरले तर त्या काळात ठरावीक दिवसांनी डोक्याचा घेर, इको आणि एमआरआय झालेच पाहिजेत. ‘पाच महिन्यांनी या’ एवढेच सांगून घरी पाठवले गेले असेल, तर मधल्या तपासण्यांच्या तारखा मागून घ्याव्यात.

औषधांनी हे बरे होईल का?

नाही. लघवी वाढवणारी औषधे, हृदयाच्या आकुंचनाला मदत करणारी व फुप्फुसांतील दाब उतरवणारी औषधे आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर यांनी वेळ मिळतो, भगदाड बुजत नाही. मात्र तो वेळ अमूल्य असतो. नवजात विभागातील परिचारिका रात्रभर दर तासाला लघवी मोजतात, त्या आकड्यांवरच सकाळचे निर्णय ठरतात. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक किंवा कोणत्याही झाडपाल्याने ही जोडणी बंद होत नाही, आणि त्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

एम्बोलायझेशन म्हणजे काय? डोके उघडतात का?

डोके उघडत नाहीत. पूर्ण भूल देऊन जांघेतील धमनीत सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची नळी घालतात. जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत नाळेतील धमनीचा मार्गही वापरता येतो. म्हणून असे निदान असलेल्या बाळाच्या नाळेत ठेवलेली नळी, उपचार करणाऱ्या पथकाला विचारल्याशिवाय काढू नये. त्या नळीतून केसासारखी बारीक दुसरी नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत बघत पोटातून, छातीतून, मानेतून मेंदूच्या त्या नेमक्या धमनीच्या टोकापर्यंत नेतात, जिथे ती शिरेत उघडते.

मग येतो तो काही सेकंदांचा क्षण. एक पातळ वैद्यकीय गोंद, क्ष-किरणांत दिसावा म्हणून विशिष्ट तेलात मिसळून, थेंबाथेंबाने सोडतात. रक्ताचा स्पर्श होताच तो घट्ट होतो. फार लवकर घट्ट झाला तर जोडणीच्या अलीकडे, निरोगी मेंदूला रक्त देणाऱ्या फांदीत अडकतो. फार उशिरा झाला तर शिरेतून वाहून पुढे जातो. तेलाचे प्रमाण आणि सोडण्याचा वेग यांवर सगळे अवलंबून असते, आणि हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. म्हणून जिथे लहान मुलांवर हे काम नियमित होते, अशाच केंद्राचा आग्रह आम्ही धरतो. काही ठिकाणी गोंदाऐवजी किंवा गोंदासोबत धातूच्या बारीक गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, वापरतात.

एकाच वेळी सगळे बंद का करत नाहीत?

इतके दिवस जोराने वाहणारा ओघ एकाएकी थांबला, तर फुगलेल्या शिरेत रक्त गोठते आणि ती गुठळी मेंदूच्या निरोगी भागाचा निचराही अडवू शकते. दुसरीकडे, उपाशी राहिलेल्या मेंदूला अचानक पूर्ण दाबाने रक्त मिळाले तर सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून उपचार टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिन्यांच्या अंतराने करतात. नवजात बाळाच्या पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट केवळ हृदयाला दिलासा देणे हे असते. एक तृतीयांश ओघ कमी झाला तरी बाळ व्हेंटिलेटरवरून निघू शकते, आणि तेवढे झाले की थांबणारा डॉक्टरच शहाणा. ‘अर्धेच काम केले’ अशी तक्रार पालकांनी मनात आणू नये.

डोक्यात पाणी झाले आहे. शंट आधी बसवून घ्यावा का?

शंट म्हणजे डोक्यातील जादा पाणी पोटात सोडणारी नळी. ती शक्य तोवर आधी बसवू नये. हे आम्ही जोर देऊन सांगतो, कारण दूरवरच्या रुग्णालयात डोक्याचा घेर वाढलेला दिसताच चांगल्या हेतूने शंट बसवला जातो. नेहमीच्या हायड्रोसेफलसमध्ये पाण्याची वाट कुठेतरी तुंबलेली असते. येथे वाट बहुधा मोकळी असते; शिरांतील दाब वाढल्यामुळे मेंदूतील पाणी रक्तात शोषले जात नाही. त्यामुळे खरा उपाय शिरांतील दाब उतरवणे, म्हणजेच एम्बोलायझेशन हा आहे. आधी शंट बसवल्यास रक्तस्रावाचा, आकडी येण्याचा आणि मेंदूतील रक्ताभिसरण आणखी बिघडण्याचा धोका असतो. टाळू ताणलेली आहे, उलट्या होत आहेत, बाळ गुंगीत आहे आणि एम्बोलायझेशन लगेच शक्य नाही, अशा अडचणीच्या प्रसंगी वेगळा निर्णय घ्यावा लागतो, पण तो शंट बसवणाऱ्या आणि एम्बोलायझेशन करणाऱ्या अशा दोन्ही पथकांनी मिळून घ्यावा.

उघडी शस्त्रक्रिया किंवा गॅमा नाइफ चालणार नाही का?

मेंदूच्या इतक्या खोल जागी उघड्या शस्त्रक्रियेचे निकाल फार वाईट होते आणि ती पद्धत आता मागे पडली आहे. गॅमा नाइफचा, म्हणजे डोके न उघडता नेमक्या जागी सोडलेल्या किरणांचा, परिणाम दिसायला दोन-तीन वर्षे लागतात. त्यामुळे नवजात बाळाला त्याचा उपयोग नाही. प्रकृती स्थिर असलेल्या मोठ्या मुलात उरलेल्या छोट्या जोडणीसाठी क्वचित विचार होतो.

उपचारानंतर आमचे मूल चारचौघांसारखे होईल का?

लाझोनिया यांच्या पथकाने १९८१ ते २००२ या काळातील ३१७ मुलांचा अनुभव २००६ साली प्रसिद्ध केला. एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे १०.६ टक्के मुले दगावली, आणि जी वाचली त्यांच्यापैकी ७४ टक्के मुलांची मेंदूची वाढ सामान्य होती. त्याआधीच्या दशकांत नवजात वयात निदान झालेले बाळ बहुधा वाचत नसे, हे ध्यानात घेतले तर या आकड्यांचे मोल कळते. पण हे आकडे वाचताना हेही पाहावे की ज्यांच्या मेंदूची आधीच मोठी हानी झाली होती, अशा मुलांवर तिथे उपचारच केले नव्हते. नवजात वयात तातडीने उपचार करावे लागलेल्या बाळांचे निकाल, वाट पाहता आलेल्या बाळांपेक्षा कमी चांगले असतात. आपल्या बाळाविषयी नेमके उत्तर त्याचा एमआरआयच देऊ शकतो. डॉक्टरांना ‘वाचेल का’ याबरोबरच ‘मेंदूची आजची स्थिती कशी आहे’ असे विचारावे.

आईच्या पोटातच उपचार करता येतो, असे वाचले. खरे आहे का?

खरे आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे, बोस्टन चिल्ड्रन्स आणि ब्रिगॅम अँड विमेन्स या रुग्णालयांच्या पथकाने डॉ. डॅरन ऑर्बाक यांच्या नेतृत्वाखाली ३४ आठवडे २ दिवसांच्या गर्भावर हा उपचार केला. सोनोग्राफीच्या मदतीने आईच्या पोटातून व गर्भाशयातून गर्भाच्या डोक्याच्या मागील बाजूस सुई नेऊन शिरेच्या बाजूला कॉइल सोडण्यात आल्या. काही दिवसांतच जन्मलेल्या त्या बाळाला हृदयासाठी औषधांची गरज भासली नाही. आशा वाटावी अशीच ही घटना आहे, परंतु तो संशोधनाचा भाग होता आणि ज्या गर्भांत निचऱ्याची शीर खूप रुंद, म्हणजे ८ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आहे, अशा अतिजोखमीच्या मुलांसाठीच तो योजलेला होता. त्यासाठी घर विकून परदेशी जाण्याचा विचार करण्याआधी, जन्मानंतरचा उपचार भारतात उपलब्ध आहे हे लक्षात घ्यावे.

पुढच्या बाळालाही हे होईल का?

बहुतेक कुटुंबांत दुसऱ्या मुलाला हा विकार होत नाही. काही कुटुंबांत मात्र ‘ईपीएचबी४’ किंवा ‘आरएएसए१’ या जनुकांतील बदल आढळतात. अशा घरांत आई, वडील किंवा भावंडांच्या अंगावर गुलाबी-तांबूस, फिकट कडा असलेले छोटे डाग दिसू शकतात, ज्यांना घरात ‘जन्मखूण’ म्हणून सोडून दिलेले असते. आजीच्या पाठीवरच्या डागापासून सर्वांच्या खुणा एकदा डॉक्टरांना दाखवाव्यात, जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि पुढच्या गरोदरपणात शेवटच्या तिमाहीत डॉपलरसह सोनोग्राफी करून घ्यावी.

आमच्या मुलाच्या मानेवर रडताना फुगा येतो आणि शांत झाल्यावर जातो. हाच आजार का?

नाही, आणि सुदैवाने तो बराच सौम्य आहे. मानेतील मोठी शीर, बहुतेकदा उजव्या बाजूची, जोर केल्यावर फुगते. रडताना, खोकताना, शौचाला जोर करताना मऊ गाठ येते, दाबली तर दुखत नाही आणि मूल शांत झाले की दिसेनाशी होते. शांत असताना आणि जोर करताना, असा दोन्ही वेळा डॉपलर केला की निदान होते. मोबाइलवर रडतानाचा व्हिडिओ काढून नेल्यास डॉक्टरांचे काम सोपे होते, कारण तपासणीच्या खोलीत मूल नेमके हसत असते. बहुसंख्य मुलांत केवळ लक्ष ठेवतात. अशा गाठीत सुई टोचून पाणी काढण्याचा प्रयत्न मात्र कुणालाही करू देऊ नये.

महाराष्ट्रात कुठे जावे, आणि खर्चाचे काय?

मुंबईत केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, तसेच तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, बंगळुरूची निम्हान्स आणि दिल्लीची एम्स येथे न्यूरोइंटरव्हेन्शनचे काम चालते. निघण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारावेत : नवजात बाळांवर हे काम तुमच्याकडे होते का, आणि आज अतिदक्षता विभागात खाट आहे का. बाळ हलवताना व्हेंटिलेटर आणि नवजात बाळांची काळजी जाणणारी व्यक्ती असलेलीच रुग्णवाहिका हवी, आणि एमआरआयची सीडी सोबत हवी. कागदावरचा अहवाल पुरत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो लागू आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार कोणत्या शीर्षकाखाली बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होतानाच लिहून घ्यावे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधी व सिद्धिविनायक मंदिर न्यास यांच्याकडेही अर्ज करता येतो. रेशन कार्ड, आईवडिलांचे आधार कार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि खर्चाचे अंदाजपत्रक यांच्या चार-चार प्रती एका पिशवीत ठेवाव्यात. रात्री दोन वाजता झेरॉक्स मिळत नाही.

घरी आणल्यावर कशाकडे लक्ष द्यावे?

ज्या पायातून नळी घातली होती, तो पाय दुसऱ्या पायाइतकाच कोमट आणि गुलाबी आहे ना, हे पहिले काही दिवस दोन्ही तळवे एकाच वेळी हातात धरून पाहावे. पाय गार किंवा फिकट वाटला, बाळ एकाएकी चिडचिडे झाले, सतत उलट्या झाल्या, आकडी आली, टाळू वर उचललेली दिसली किंवा दूध ओढताना पुन्हा घाम येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता निघावे. तेलमालीश चालते, टाळूवर मात्र दाब देऊ नये. लसी चुकवू नयेत. फक्त भूल देण्याच्या तारखेच्या जवळ लस येत असेल तर विचारून दोन-चार दिवस मागेपुढे करावी. डोक्याचा घेर दर पंधरवड्याला, शक्यतो एकाच व्यक्तीने, त्याच टेपने मोजून त्याच वहीत लिहावा, आणि ती वही प्रत्येक भेटीला न्यावी.